वसई किल्ल्यातली ‘मात्रिझ’: कशी शोधायची, काय पाहायचं

वसई किल्ल्यात गेलेले बरेचजण जेझुइट या ख्रिस्ती संन्यासी संघाच्या चर्चचा कोरीव दर्शनी भाग पाहतात, तेच मुख्य चर्च समजतात आणि परततात. गोन्सालो गार्सियाचं चर्च म्हणून लोक ओळखतात ते हेच, आणि ते मठाचं होतं. पोर्तुगीज शहराचं मुख्य पॅरिश चर्च, वसईकर म्हणतात तसं धर्मग्रामाचं (चर्चला जोडलेल्या ख्रिस्ती वस्तीचं) चर्च, म्हणजे संत जोसेफचं. हीच ‘मात्रिझ’, म्हणजे मातृचर्च. ते पार पुढे, दर्या दरवाजाजवळ आहे.

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेकडून किल्ल्याची बस किंवा रिक्षा धरा. नऊच्या आत पोहोचलात तर प्री-वेडिंगवाल्यांची गर्दी टळते. भुई दरवाजाच्या बाजूने आत शिरून चिमाजी अप्पांच्या स्मारकावरून बंदराच्या रस्त्याने चालत राहा. झाडांवर डोकं काढलेला उंच मनोरा दिसला की पोहोचलात.

१५४६ मध्ये राजा तिसरा जुआंव याच्या आज्ञेने हे चर्च बांधलं गेलं. दरवाजावरच्या पोर्तुगीज शिलालेखात १६०१ हे साल आहे, पण ते स्थापनेचं नव्हे, जीर्णोद्धाराचं. गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस आणि इथले विकार (चर्चचे प्रमुख धर्मगुरू) यांची नावं त्यात आहेत, आणि चर्चला ‘मात्रिझ’ म्हटलंय. मे १७३९ मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज वस्ती उठली आणि धर्मग्रामही विस्कटला. आता छप्पर नाही, उभ्या आहेत त्या भिंती आणि मनोरा.

मनोऱ्यातला चक्री जिना अरुंद आणि अंधारा आहे. उतरणाऱ्याला आधी येऊ द्या, मध्ये दोघांना जागा होत नाही. दार बंद असेल तर भिंतीवरून चढायच्या फंदात पडू नका. चुना सुटलेले दगड हाताखाली हलतात. पावसाळ्यात शेवाळ आणि नंतर गुडघाभर गवत असतं, त्यात सापही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. पाणी बरोबर ठेवा.

परतताना फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संन्यासी संघाच्या चर्चमधल्या थडग्यांच्या फरशा वाचा. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू घासणारे भेटतात. त्याने दगड खराब होतो. मोबाइलचा टॉर्च फरशीलगत आडवा धरला की झिजलेलं अक्षरही सावलीने वर येतं. पोर्तुगीजमध्ये ‘आकी जाझ’ म्हणजे ‘येथे विसावला’, आणि ‘एर्देइरुश’ म्हणजे वारस: थडगं कुटुंबाच्या मालकीचं.

घंटा मात्र इथे शोधू नका. वसईच्या विजयातली म्हणून सांगितली जाणारी, १७२१ साल कोरलेली घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. ती याच मनोऱ्यातली होती असं कुणी छातीठोक सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.