पुणे ते बंगळूर : बिऱ्हाड हलवण्याआधीची रोजनिशी

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

बंगळूरला जायचे आता नक्की झाले. नवरा १ डिसेंबरला तिथे कामावर रुजू होईल आणि घर लावून ठेवील; मी, आई, भैरू आणि चिमी व पिंगा या दोन मांजरी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघू. गाडी माझा भाऊ चालवणार आहे. भैरू अकरा वर्षांचा गावठी कुत्रा आहे. थंडीत त्याचे मागचे सांधे धरतात आणि बसल्यावर उठायला त्याला वेळ लागतो. चिमी धीट आहे, तर पिंगा दाराची घंटा वाजली तरी कपाटामागे जाऊन बसते. कोणत्या दिवशी निघायचे, कोणत्या रस्त्याने जायचे, कोणत्या मजल्यावर घर घ्यायचे, हे सगळे या तिघांना काय सोसेल ते पाहून ठरवायचे, असे मी मनाशी पक्के केले आहे. आपल्याला जाण्याचे कारण माहीत असते, तारीख माहीत असते, नवे घर फोनवर पाहता येते. त्यांचे मात्र ओळखीचे सगळे एका सकाळी नाहीसे होते, आणि त्याची पूर्वकल्पना शब्दांनी देता येत नाही. ती द्यायची तर जेवणातून, वासातून आणि रोजच्या क्रमातूनच द्यावी लागेल.

उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबा, असा सल्ला नातेवाइकांनी दिला. तो मी मानला नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच शरीर थंड ठेवतो, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत काही मिनिटांतच जिवावर बेतावे इतकी उष्णता साठते. वाटेत टायर बदलायची वेळ आली, तरी मे महिन्यात ते भैरूला झेपणार नाही.

विमानाचा विचार लवकर संपला. भैरूचे वजन वीस किलोंच्या वर असल्याने त्याला सामानाच्या कप्प्यातून पाठवावे लागले असते. रेल्वेचा विचार मात्र मी बरेच दिवस सोडला नव्हता. वातानुकूलित पहिल्या वर्गात दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्णपणे आपल्या नावावर असेल, तर कुत्रा आपल्यासोबत नेता येतो. त्यासाठी पार्सल कार्यालयात त्याची नोंद करून शुल्क भरावे लागते आणि लसीकरणाची व प्रकृतीची कागदपत्रे दाखवावी लागतात. अडचण अशी की तिकीट काढले तरी कूपे मिळणार की केबिनमधील सुट्या जागा, हे आरक्षणाचा तक्ता तयार होईपर्यंत कळत नाही. कूपे मिळाला नाही, तर उरतो तो गार्डच्या डब्यातील कुत्र्यांचा कप्पा, आणि उतारवयातल्या भैरूला अख्खी रात्र तिथे एकटे ठेवण्याची माझी तयारी नाही. म्हणून गाडीनेच जायचे ठरले.

परवाच्या ७ तारखेचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश वाचल्यापासून आणखी एक काळजी मनात आहे. शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा ठिकाणच्या आवारांतील भटके कुत्रे उचलून, निर्बीजीकरण व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावेत आणि पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असे त्यात म्हटले आहे. आमच्या गल्लीत भैरू कोणाचा आहे, हे दूधवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. अनोळखी शहरात तो पट्ट्यातून निसटला, तर पाहणाऱ्याला तो रस्त्यावरचाच वाटेल. त्याच्या गळ्यात दोन फोन क्रमांक कोरलेला बिल्ला आजच घातला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

घर मिळाले, पण फार बोलावे लागले. दलालांशी होणारे बोलणे खोल्या, पाणी आणि पार्किंग इथपर्यंत सुरळीत चाले आणि प्राण्यांचा विषय निघाला की थांबे. एकाने तर मांजरींचा उल्लेखच करू नये, घरमालक कशाला पाहायला येतात, असे सुचवले. तसे मी करणार नाही. लपवलेली गोष्ट शेजाऱ्यांच्या पहिल्या तक्रारीसरशी उघड होते आणि तिची शिक्षा शेवटी प्राण्यांनाच भोगावी लागते.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. त्याचा आधार मोठा आहे, पण भाडेकरूचे सर्व प्रश्न त्याने सुटत नाहीत, कारण घर भाड्याने द्यायचे की नाही, हे अखेर मालकाच्या मर्जीवर असते. आम्हाला भेटलेल्या बाईंनी स्वतः पूर्वी कुत्री पाळलेली होती. एक कुत्रा व दोन मांजरी घरात राहतील, हे वाक्य अकरा महिन्यांच्या करारात स्पष्ट लिहायला त्या तयार झाल्या, आणि दारे किंवा भिंती ओरखडल्यास दुरुस्तीचा खर्च आम्ही देऊ, हे आम्ही मान्य केले.

घर पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे, त्यामुळे भैरूच्या सांध्यांची चिंता मिटली. फरशी मात्र गुळगुळीत आहे. त्याच्या पायांना पकड मिळावी म्हणून दारापासून त्याच्या अंथरुणापर्यंत रबरी चटया घालाव्या लागतील. गॅलरीला कबुतरांसाठी नायलॉनची जाळी आहे, पण ती मांजर दातांनी कुरतडू शकते. आम्ही पोहोचण्याआधी तारेची जाळी बसलीच पाहिजे, असे नवऱ्याला बजावले आहे. उंची कमी आहे म्हणून मांजर पडत नाही किंवा पडली तरी तिला लागत नाही, हा समज मला अजिबात पटत नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आजचा दिवस दवाखान्यात गेला. तिघांच्या रेबीजच्या लसी वर्षाच्या आत पडतात का ते पाहिले, जंताचे औषध झाले, भैरूचे रक्त तपासायला दिले. मूत्रपिंडे ठीक आहेत की नाहीत, हे कळल्याशिवाय त्याला सांध्यांच्या दुखण्यावरचे औषध प्रवासात द्यायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. वाटेत गवतात उतरवावे लागणार, म्हणून गोचिडांवरचे औषध निघण्याच्या काही दिवस आधी लावायचे आहे. गोचीडतापाने आमच्या ओळखीची एक चांगली धडधाकट कुत्री गेली, ते मी विसरलेले नाही. तिघांना मायक्रोचिप बसवली. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप कातडीखाली जाते आणि यंत्र फिरवले की पंधरा आकडी क्रमांक दिसतो. प्राणी कुठे आहेत हे त्या चिपवरून कळत नाही, हे डॉक्टरांनी मुद्दाम सांगितले. अनेकांचा तसा समज असतो.

गुंगीचे औषध द्या, म्हणजे प्रवासभर झोपून राहतील, असे आईचे म्हणणे होते. डॉक्टरांनी तिला शांतपणे समजावले की काही औषधांनी शरीर शिथिल पडते पण भीती तशीच राहते, आणि घाबरलेल्या जनावराला हलताही येऊ नये, हे अधिक वाईट आहे. भैरूला काहीच द्यायचे नाही, कारण त्याला गाडीची सवय आहे. पिंगाला भीती कमी करणारे गॅबापेन्टिन हे औषध देऊन पाहू, पण आधी घरी एका सुट्टीच्या दिवशी, म्हणजे तिला ते कसे लागू पडते हे रस्त्यावर शोधावे लागणार नाही. लसीकरणाच्या पुस्तिकांच्या छायाप्रती आणि प्रकृतीचे दाखले एका पिशवीत ठेवले आहेत, आणि ती पिशवी सामानाच्या ट्रकमध्ये जाणार नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

मांजरींना नेण्याचे दोन्ही कॅरियर, म्हणजे दाराच्या पेट्या, गेले काही दिवस बैठकीत उघडे पडलेले आहेत. दारे काढून ठेवली आहेत, आत जुन्या चादरी आहेत, आणि जेवणाच्या वाट्या रोज थोड्या थोड्या आत सरकवते आहे. चिमी दुपारची झोप तिथेच काढू लागली आहे. पिंगा मान आत घालून मासा ओढते आणि बाहेर येऊन खाते. आतापर्यंत कॅरियर म्हणजे दवाखाना, एवढीच त्या दोघींची समजूत होती. ती बदलायची असेल, तर घाई करून चालणार नाही.

मांजर माणसाला धरून असते की घराला, यावर लोक हौसेने वाद घालतात. माझ्या पाहण्यात ती वासाला धरून असते. गालाजवळच्या ग्रंथींतून येणारा वास ती दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पोटरीला घासून लावते आणि दिवसातून कितीतरी वेळा त्याची खात्री करून घेते. रंग देऊन चकचकीत केलेल्या नव्या घरात तिच्यासाठी असे काहीही नसते. म्हणून काल नवरा निघाला, तेव्हा त्याच्या सामानात मी एक गाठोडे दिले: न धुतलेले पलंगपोस, सोफ्याचे एक आवरण, दोघींच्या गालांवरून फिरवलेले सुती रुमाल आणि भैरूची जुनी सतरंजी. तिथल्या आतल्या खोलीत, जिथे मांजरी पहिले काही दिवस राहतील, ते त्याने पसरून ठेवायचे आहे आणि रुमाल चौकटींना कोपरापर्यंतच्या उंचीवर नव्हे, अगदी खाली, त्यांच्या गालांच्या उंचीवर घासायचे आहेत. इथल्या डब्यातले थोडे वापरलेले लिटर, म्हणजे मांजरींच्या शौचासाठीची वाळू, हीही आमच्यासोबत येईल. आईला हे ऐकून कसेसेच झाले, तरी डबा तिनेच काढून दिला.

पोहोचल्यावर दोघींना त्या एकाच खोलीत ठेवायचे: लिटर एका टोकाला, पाणी व जेवण दुसऱ्या टोकाला, आणि लपायला उघडे खोके. त्या स्वतःहून दाराशी येऊ लागल्या की मग बाकीचे घर, एकेक खोली करून. पहिल्या दिवशी मांजर जेवली नाही तर फार घाबरायचे नाही, पण दोन-तीन दिवस तोंडात काही घेतले नाही तर तिच्या यकृताला धोका होतो, म्हणून दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. नव्या घराजवळचा दवाखाना आणि रात्री उघडे असणारे रुग्णालय या दोन्हींचे क्रमांक मी फ्रिजवर लावण्यासाठी लिहून ठेवले आहेत.

भैरूचे वेगळे आहे. तो माणसांना आणि वेळापत्रकाला धरून असतो. बांधाबांध सुरू झाल्यापासून तो माझ्या मागे मागे फिरतो आहे. कपाट रिकामे होताना पाहिले की उठून दारात जाऊन बसतो. म्हणून त्याची फिरायची वेळ, पोळी-दुधाची वेळ, रात्रीचा पाय चोळण्याचा कार्यक्रम, यांतले काहीही हलू द्यायचे नाही. खोक्यांचे काम मी तो झोपल्यावर करते.

रविवार, ७ डिसेंबर

सामान नेणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन पाहून गेला. पूर्ण ट्रक घेतला, कारण दुसऱ्याच्या सामानाबरोबर पाठवले तर पोहोचण्याचा दिवस सांगता येत नाही. भैरूला ट्रकच्या केबिनमध्ये बसवून नेऊ, असे त्याने आपुलकीनेच सुचवले, आणि मी तितक्याच स्पष्टपणे नाही म्हटले. सामान भरण्याच्या दिवशी दार सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडे राहते आणि अनोळखी माणसे ये-जा करतात. मांजरी हरवतात त्या बहुधा याच दिवशी. त्यामुळे न्हाणीघराशेजारची छोटी खोली सर्वांत शेवटी रिकामी होईल, दोघी कॅरियरसह तिच्यात असतील, दाराला कुलूप असेल आणि किल्ली आईच्या कमरेला. भैरू दिवसभर भावाकडे राहील.

पुणे ते बंगळूर अंतर सुमारे ८४० किलोमीटर आहे. एका दिवसात जाता येते, पण आम्ही बेळगावला मावशीकडे मुक्काम करणार आहोत. अंतराच्या हिशेबाने हुबळी-धारवाड मध्यावर पडले असते. तिथल्या एका लॉजने प्राणी चालतील असे सांगितले, आणि खोदून विचारल्यावर कुत्रा खाली पार्किंगमध्ये बांधावा लागेल, असे कळले. शिवाय पहिला टप्पाच अधिक त्रासाचा आहे: खंबाटकीचा घाट, मग साताऱ्यापासून कागलपर्यंत रुंदीकरणामुळे आलेले वळणरस्ते आणि हादरे. एवढे सोसल्यावर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास थांबलेले बरे. दुसऱ्या दिवशीचे पाचशे किलोमीटर हावेरी, दावणगिरी, चित्रदुर्ग, तुमकूर असे बहुतांशी सरळ रस्त्याने जातात. "अगं, मागची खोली रिकामीच आहे, सगळ्यांना घेऊन ये," असे मावशी म्हणाली, आणि खिडकीची जाळी फाटली आहे का, ते पाहून दुसऱ्या दिवशी तिने स्वतः फोन केला.

गाडीत आई पुढे बसेल, मी मागे. एक कॅरियर पट्ट्याने आसनाला बांधलेला, दुसरा पुढच्या आसनामागे खाली, दोन्हींवर पातळ सुती कापड. वाटेत कितीही केविलवाणे ओरडणे झाले तरी कॅरियर उघडायचे नाहीत, कारण सुटलेली मांजर चालकाच्या पायाखाली शिरू शकते. भैरू हार्नेसने मागच्या पट्ट्याला अडकवलेला. पहाटे निघण्याआधी तिघांना पोटभर जेवण नाही. पाणी मात्र दर थांब्यावर, आणि दार उघडण्याआधी भैरूची दोरी माझ्या मनगटात.

काळीचा प्रश्न मला सर्वांत जड गेला. गल्लीतली ही कानाला खूण असलेली, निर्बीजीकरण झालेली कुत्री गेली कितीतरी वर्षे रात्री आमच्या जिन्याखाली येते. तिलाही नेऊ, असे मला फार वाटले. पण ती कधी घरात राहिलेली नाही, गळ्यात पट्टा पडला की अंग टाकते, आणि तिची सगळी ओळखीची माणसे व कुत्री या गल्लीतच आहेत. माझ्या समाधानासाठी तिला तिच्या जागेवरून उचलणे मला योग्य वाटत नाही. समोरच्या काकूंनी तिच्या जेवणाची जबाबदारी घेतली आहे. महिन्याचे धान्य आणि तिच्या वार्षिक लसीची तारीख त्यांच्याकडे दिली, आणि कालपासून तिची थाळी मी ठेवतच नाही; काकू ठेवतात आणि मी वरून पाहते. काल ती थाळीपाशी उभी राहून आमच्या खिडकीकडे पाहत होती. आज आठाच्या सुमारास आली आणि जेवली.

उद्या पिंगाच्या औषधाची घरी चाचणी घ्यायची आहे, जाळीवाल्याने काम पुरे केले का ते नवऱ्याला विचारायचे आहे, आणि गॅस सिलिंडर एजन्सीत जमा करून पावती आणायची आहे.