एम-१ चा वर्ग आणि मी धरलेले गृहीत

२०२१ च्या डिसेंबरमध्ये अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे वर्ग प्रत्यक्ष भरू लागले, तेव्हा मला एम-१ (पहिल्या सत्राचे अभियांत्रिकी गणित) शिकवायला लागून दहा वर्षे झाली होती आणि वर्गात येणाऱ्या मुलांना काय येते याविषयी माझ्या मनात फारशी शंका उरली नव्हती. बारावीला डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन झालेले असते, तेव्हा दुसऱ्या आठवड्यात पार्शल डेरिव्हेटिव्हला (बाकीची चले स्थिर धरून एकाच चलाच्या सापेक्ष काढलेले डेरिव्हेटिव्ह) हात घालायला हरकत नाही, असा माझा ठरलेला हिशेब असे.

ही तुकडी मात्र निराळ्या वाटेने आली होती. बोर्डाने अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी केला होता, बारावीची लेखी परीक्षा रद्द होऊन निकाल दहावी, अकरावी आणि बारावीच्या गुणांना ३०:३०:४० असे वजन देऊन लागला होता आणि अकरावीची वार्षिक परीक्षाही टाळेबंदीत गेली होती, त्यामुळे बहुतेकांनी दहावीनंतर गणिताचा बोर्डासारखा पेपर लिहिलेलाच नव्हता. जिच्यासाठी सगळ्यांनी जीव तोडून तयारी केली, ती सीईटी ही प्रवेश परीक्षा संगणकावरची: गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटे, प्रत्येकाला चार पर्याय आणि उत्तर चुकले तरी गुण वजा नाहीत.

म्हणून पहिल्याच तासाला मी २० गुणांची साधी चाचणी घेतली. प्रश्नपत्रिका वाटून झाल्यावर एका मुलीने हात वर करून विचारले, "मॅडम, पर्याय छापायचे राहिलेत का?" वर्गात कोणीही हसले नाही, कारण बाकीच्यांच्या मनातही तोच प्रश्न होता.

डेरिव्हेटिव्हच कच्चे असेल असे मला वाटले होते, पण पेपर तपासताना तो अंदाज साफ चुकला. डेरिव्हेटिव्हची सूत्रे बहुतेकांना तोंडपाठ होती. 'टॅन इन्व्हर्स य भागिले क्ष' याचे य च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह काढताना (क्ष स्थिर धरा, असे प्रश्नातच लिहिले होते) एका मुलाने सूत्र बरोबर लिहिले, चेन रूलही चुकला नाही, आणि मग 'एक अधिक य वर्ग भागिले क्ष वर्ग' हा छेद वर आणताना त्याने दोन्ही पदे वेगवेगळी उलटी केली, जे बेरजेला चालत नाही. अपूर्णांकाच्या आत अपूर्णांक आला आणि गाडी तिथेच रुतली. अशा उत्तरपत्रिका थोड्याथोडक्या नव्हत्या. वर्गमुळाखालच्या बेरजेची सरळ दोन वर्गमुळांत चुकीची फोड करणारेही बरेच होते.

स्टाफरूममध्ये याचे खापर नेहमीप्रमाणे बोर्डावर आणि क्लासेसवर फुटले, आणि खरे सांगायचे तर मीही त्या गप्पांत उत्साहाने सामील होते. त्याच संध्याकाळी पुढच्या तासाच्या तयारीसाठी माझी जुनी टिपणवही उघडली, तर त्याच उदाहरणाखाली माझ्या अक्षरात लिहिले होते: 'सरळरूप दिल्यावर'. त्याखाली थेट उत्तर. दहा वर्षे मी ती पायरी फळ्यावर मांडलीच नव्हती. आधीच्या तुकड्या ती कशी पार करत होत्या, की नुसती उतरवून घेत होत्या, हे मी कधी पाहिलेही नव्हते.

विभागप्रमुखांकडे सहा जादा तास मागितले, चार मिळाले. त्यांत डेरिव्हेटिव्हचे नावही काढले नाही. अपूर्णांक, घातांकाचे आणि लॉगॅरिदमचे नियम, थोडी त्रिकोणमिती, एवढेच घेतले. एकाने फळ्यावर पायरी लिहायची आणि दुसऱ्याने ती का चालते ते सांगायचे, अशी पद्धत ठेवली. पहिल्या दिवशी कारण सांगायला कोणी उठेना. पर्याय वगळून उत्तरापर्यंत पोहोचण्यात पटाईत असलेल्यांना 'का' हा प्रश्न उर्मटपणाचा वाटत असावा. जादा तास साडेचारनंतर असल्यामुळे एसटीने येणारी मुले येऊ शकली नाहीत, आणि नेमकी त्यांनाच अधिक गरज होती. मूळ अभ्यासक्रम मागे पडून जेकोबियन हा पार्शल डेरिव्हेटिव्हवरचा पुढचा भाग घाईत उरकावा लागला, ते मला आजही खटकते. सत्राच्या शेवटी काहींना केटी लागलीच, म्हणजे विषय राहिलाच.

एम-२ च्या पहिल्या आठवड्यात एक उदाहरण सोडवताना मी सवयीने दोन ओळी एकत्र केल्या. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मधली पायरी राहिली." मी डस्टर उचलले.