लेक वनहून इन्सुलाकडे: कनू, गळ आणि १०५ रॉडची वाट

मिनेसोटात राहणाऱ्या मराठी मंडळींना बाउंडरी वॉटर्सचं नाव ठाऊक असतं, पण प्रत्यक्ष जाऊन तंबूत राहून आलेले कमीच भेटतात. "तिकडे अस्वलं असतात ना?" इथपासून "पोहता येत नाही, कनू कसली चालवतोय" इथपर्यंत कारणं तयार असतात. आम्ही चौघं, दोन कनू (वल्ह्याने चालवायच्या हलक्या, निमुळत्या बोटी) घेऊन, जूनच्या सुरुवातीला जाऊन आलो. बायको, मी, पुण्याहून आलेला मेव्हणा आणि मूळचा मालवणचा एक मित्र. हा मित्र गोड्या पाण्यातल्या माशाला मासा मानायला तयार नव्हता, तो का बदलला ते पुढे येईलच.

आधी जागेविषयी थोडं. कॅनडाच्या सीमेला लागून सुपीरियर नॅशनल फॉरेस्टचा हा भाग, साधारण ११ लाख एकर, हजाराहून जास्त तळी. १९६४ च्या कायद्याने हा मुलूख रानच राहील असं ठरलं, १९७८ च्या कायद्याने मोटरबोटी मोजक्या तळ्यांपुरत्या उरल्या. बाकी सगळीकडे वल्हं मारायचं, आणि तळं संपलं की कनू डोक्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. या चालण्याच्या वाटेला पोर्टेज म्हणतात. इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी पाडलेल्या वाटा आहेत या, नंतर फरच्या व्यापाऱ्यांनीही त्याच वापरल्या.

सहलीचं सगळं गणित या पोर्टेजवर ठरतं. नकाशावर त्याची लांबी रॉडमध्ये दिलेली असते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका कनूएवढा. हडसन आणि इन्सुला या तळ्यांमधलं पोर्टेज १०५ रॉडचं आहे, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून थोडं जास्त. वाचताना काहीच वाटत नाही. पण सामान एका फेरीत जात नसेल तर एकदा ओझं घेऊन जायचं, रिकामं परत यायचं, आणि पुन्हा ओझं घेऊन जायचं. म्हणजे तिप्पट चाल, ३१५ रॉड, जवळपास एक मैल. आणि मैलाच्या दोन-तृतीयांश अंतरात खांद्यावर ओझं. घरून निघताना बॅगेत काय टाकायचं याचा निर्णय हॉलमध्ये गालिच्यावर बसून घेऊ नका, हा मैल डोळ्यांसमोर आणून घ्या. आम्ही खुर्च्या, दुसरा कंदील आणि जास्तीचे कपडे काढून टाकले, ते याच हिशेबाने.

मार्ग निवडताना आम्ही एक गोष्ट आधी ठरवली: सीमेवरची तळी नकोत. बासवुड, नाइफ, सागानागा ही तळी सुंदर आहेत, पण अर्धं पाणी कॅनडाचं. एच-वन व्हिसावर असाल, किंवा भारतातून आलेला पाहुणा सोबत असेल, तर मासा ओढून नेईल तिकडे कनू नेण्याचा मोह तिथे महागात पडू शकतो. ईली या गावाहून पूर्वेला फर्नबर्ग रोड साधारण वीस मैल जातो आणि लेक वनच्या काठाशी संपतो. तिथल्या प्रवेशाच्या जागेचा क्रमांक ३०. लेक वन, टू, थ्री, फोर, हडसन, इन्सुला ही सगळी साखळी अमेरिकेच्या आत आहे, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांना झेपेल अशीही. वन ते टूमध्ये दोन छोटी पोर्टेज, टू ते थ्री आणि थ्री ते फोर पाण्यातूनच जाता येतं.

मुक्कामाच्या परवान्यांवर १ मे ते ३० सप्टेंबर दरम्यान रोजचा कोटा असतो. रिक्रिएशन डॉट गव्हवर जानेवारीच्या अखेरीस बुकिंग उघडतं, आणि लेक वनसारख्या जागेच्या शनिवार-रविवारच्या तारखा भराभर जातात. मंगळवारी-बुधवारी निघता येत असेल तर तसंच करा, परवानाही मिळतो आणि तळ्यावर गर्दीही कमी. आम्ही माणशी १६ डॉलर आणि वर बुकिंगचे ६ भरले. परवाना ठरलेल्या दिवसाचा आणि ठरलेल्या प्रवेशाचा असतो. एकदा आत गेलात की कुठेही फिरा, कुठूनही बाहेर या. पण तो हातात घ्यायला म्होरक्याच लागतो, नाहीतर बुकिंगच्या वेळी ज्यांची नावं पर्यायी म्हणून दिलीत त्यांच्यापैकी कुणीतरी. तेव्हा सगळ्यांची नावं टाकून ठेवा, ऐन वेळी एखाद्याच्या ऑफिसात काय निघेल सांगता येत नाही. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार बोटी.

कनू विकत घेण्याच्या फंदात पडू नका. ईलीत भाड्याने देणारे भरपूर आहेत. केव्हलार या हलक्या, मजबूत धाग्याची मागा. दोघांची केव्हलार कनू वीस किलोच्या आसपास भरते, ॲल्युमिनियमची तीसच्या पुढे जाते. भाड्यातला फरक पहिल्याच चढावर वसूल होतो. मात्र केव्हलार खडकाला घासलेली चालत नाही, काठावर ओढता येत नाही. गुडघाभर पाण्यात उतरायचं, सामान काढायचं आणि कनू उचलायची. म्हणजे बूट ओले होणारच. वॉटरप्रूफ बुटांवर पैसे घालवण्यापेक्षा पाणी निथळून जाईल असे जुने बूट आणि तंबूत घालायला एक कोरडा मोज्यांचा जोड पुरे.

पोहता न येण्याविषयी स्पष्टच सांगतो. लाइफ जॅकेट अंगावर हवं. बाकाखाली ठेवून कायदा पाळला जाईल, जीव वाचणार नाही. जूनमध्येही पाणी इतकं गार असतं की चांगला पोहणाराही काही मिनिटांत गळाठतो. आमच्या चौघांतल्या दोघांना पोहता येत नव्हतं, म्हणून मे महिन्यात ईगनच्या लेबनन हिल्स पार्कमध्ये सराव केला. तिथे लहान तळ्यांची रांग आहे आणि मधे पोर्टेजही आहेत, त्यामुळे कनू खांद्यावर घेण्याची रंगीत तालीम शहरातच होते. वाऱ्याबाबत एकच नियम: सकाळी सहा-सातला पाण्यावर, दुपारी एक-दोनला तंबूच्या जागी. लेक थ्री उघडं आहे, पश्चिमेचा वारा सुटला की लाटा थेट कनूच्या काठापर्यंत येतात. किनारा धरून जा, अंतर वाढलं तरी चालेल.

लेक वनवर एक गंमत आहे. नकाशात अगदी सोपं दिसतं, प्रत्यक्षात बेटं आणि आखातं इतकी की प्रत्येक फट पुढची वाट वाटते. भले भले इथे तासभर भटकतात. सामान लावायच्या आधी नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढे बसणाऱ्याच्या मांडीवर द्या, आणि प्रत्येक बेट ओलांडताना नकाशावरचं बोट पुढे सरकवत राहा. फोनचा सिग्नल विसराच. आम्ही उपग्रहाने निरोप पाठवणारं यंत्र भाड्याने घेतलं होतं, रोज संध्याकाळी घरी एक ओळ जायची.

लेक टूपासून पुढे रान बदलतं. १८ ऑगस्ट २०११ ला वीज पडून लागलेली पगामी क्रीकची आग महिनाभर धुमसत राहिली आणि १२ सप्टेंबरला वाऱ्याबरोबर एका दिवसात कित्येक मैल धावली. एकूण ९२ हजार एकरांहून जास्त रान जळालं, इन्सुलावर असलेल्या वनखात्याच्या काही माणसांना आगीने गाठलं, ती जेमतेम बचावली. आज तिथे जॅक पाइनची कोवळी झाडी दाट उभी आहे, मधूनमधून जुने करडे वासे. पाहायला छानच, पण प्रवाशाला दोन अडचणी होतात. सावली नाही, म्हणून ताडपत्री हवीच. आणि अन्न टांगायला पुरेशी उंच फांदी मिळेलच असं नाही. अस्वलांमुळे अन्न एकतर उंच टांगायचं किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवायचं असा नियम आहे. या मार्गावर डबाच घ्या. तोही भाड्याने मिळतो.

तंबू फक्त ठरवून दिलेल्या जागीच. तिथे चुलीसाठी लोखंडी जाळी असते आणि आत झाडीत एक शौचाचं खोकं, भिंती-दार काही नाही. जागा राखून ठेवता येत नाहीत, जो आधी पोचेल त्याची. आम्ही पहिला मुक्काम लेक फोरवर केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हडसन ओलांडून ते १०५ रॉडचं पोर्टेज गाठलं. डोक्यावर कनू असली की पुढचं चार-पाच हात जमिनीपलीकडे दिसत नाही. ओले गोटे, मुळं, मधे चिखल. आणि कनूच्या पोटाखाली, जिथे वारा लागत नाही, तिथे डास जमतात. दोन्ही हात कनू धरण्यात गुंतलेले, कानामागे चावे सुरू, आणि मागून मेव्हणा विचारतोय, "दाजी, अजून किती?" डोक्यावरून घ्यायची जाळी खिशात ठेवू नका, पोर्टेजच्या आधीच चढवा.

इन्सुलावर पोचल्यावर आम्ही पुढे जायचं सोडून दिलं. एकाच बेटावर तंबू ठोकला आणि परतीपर्यंत हलवला नाही. मासे हवे असतील तर हाच मार्ग, असं माझं ठाम मत आहे. रोज नवं तळं गाठणाऱ्याला मैल मिळतात. मासे त्याला मिळतात जो एका तळ्याचा वारा, खडक आणि संध्याकाळ ओळखू लागतो. आमच्या पहिल्या संध्याकाळी गळाला काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा एका खडकाळ टोकावर सरळ आपटत होता. तिथे अंधार पडायच्या आधीच्या तासाभरात वॉलाय जातीचे मासे मिळायला लागले. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो, घाई नाही. वॉलायच्या डोळ्यांना भर उजेड नको असतो, म्हणून पाण्यावर लाटा असलेली बाजू आणि संध्याकाळ या दोन गोष्टी धरून बसायचं. दोन तळ्यांमध्ये पाणी वाहत येतं तो भागही चांगला.

आमिष म्हणून इथे जळू वापरतात, ईलीत डझनाच्या हिशेबाने विकत मिळतात. दोरावर सरकणाऱ्या, पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाखाली लहानसा गळ, त्याला जळू, तळापासून फूटभर वर. बायकोने जळवांचा डबा पाहून तोंड फिरवलं, पण पहिला मोठा मासा तिनेच काढला. उरलेल्या जळवा तळ्यात सोडायच्या नाहीत, बाहेर आल्यावर कचऱ्यात. नॉर्दर्न पाइक हा मासाही लागतो, त्याचे दात दोर कापतात आणि मांसात इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे काटे असतात. मासेमारीचा परवाना वेगळा काढावा लागतो, पाहुण्यांसाठी थोड्या दिवसांचाही मिळतो. किती मासे ठेवायचे आणि केवढे, ते त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघून घ्या. वॉलायचा हंगाम मेच्या मध्यावर सुरू होतो.

काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे आत न्यायला बंदी आहे. म्हणून लोणचं, तेल आणि आगळ घरूनच प्लास्टिकच्या छोट्या बाटल्यांत भरून घेतलं. मित्राने वल्ह्याच्या पात्यावरच मासा कापला, कणा आणि कातडी काढून दोन पांढऱ्या पट्ट्या. हळद, तिखट, मीठ, थोडं आगळ लावून दहा मिनिटं ठेवलं. मग बारीक रव्यात घोळवून तव्यावर. चार घास झाल्यावर तो म्हणाला, "पापलेट नाय, पण पंगतीत बसवूक हरकत नाय." त्याच्या तोंडून हे प्रशस्तिपत्रकच. सोबत भात आणि मेतकूट. भाजणी आणि मेतकूट या दोन गोष्टी वजनाला हलक्या आणि पोटाला भक्कम, इथल्या दुकानांतल्या महागड्या पाकिटांपेक्षा कितीतरी बऱ्या. माशांचा उरलेला भाग तळ्यात किंवा काठावर टाकू नका, काठापासून आणि तंबूपासून दोनशे फूट आत पुरा, आणि भांडी त्याच रात्री धुवा.

परतीसाठी एक दिवस हाताशी राखून ठेवा. आम्ही निघणार त्या सकाळी इन्सुलावर असा वारा होता की संध्याकाळपर्यंत बेटावरच बसून राहिलो. सोमवारची मीटिंग डोक्यात ठेवून अशा लाटांत कनू घालणारे दरवर्षी असतात.

लहान मुलं किंवा आई-वडील सोबत असतील तर मुक्कामाचा अट्टहास करू नका. ईलीत हॉटेल घ्या आणि सकाळी लेक वनवर जा. वल्ह्याने जाऊन त्याच दिवशी परतणाऱ्यांसाठी परवाना फुकट असतो, त्याला कोटा नाही, प्रवेशाजवळच्या खोक्यातला फॉर्म भरला की झालं. पोर्टेजही करावं लागत नाही, आणि मासे लेक वनमध्येही आहेत.