बर्फघरातली मेटा

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या एका जुन्या इस्टेटीवर बर्फघर आहे. फ्रिज येण्याआधी थंडीत तळ्यावरचा बर्फ फोडून आणायचा, जमिनीखालच्या विटांच्या घुमटात पेंढ्यात दडपून ठेवायचा आणि उन्हाळ्यात मालकांच्या मेजवान्यांना काढायचा, अशी ती सोय होती. हे बर्फघर आता पर्यटकांना दाखवायचं ठरलं होतं. म्हणजे आत झाडलोट, एलईडी दिवे आणि घट्ट बसणारं नवं दार. तत्पूर्वी आत वटवाघळं आहेत का ते बघून अहवाल देणं हे आमचं काम. जानेवारीत ते माझ्या वाट्याला आलं.

इस्टेटीचे केअरटेकर लांब काठीला बांधलेला कुंचा घेऊन दारातच उभे. "तुम्ही यायच्या आत जाळी काढून ठेवणार होतो, पण राहिलं," म्हणाले. बरं झालं राहिलं. इथे वटवाघळांना 1981 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. थंडीच्या झोपेतून त्यांना उठवलं की अंगात साठवलेली चरबी नको तेव्हा जळते, मग ती वसंतापर्यंत पुरत नाही. त्यामुळे परवाना असलेल्यानेच आत जायचं, मोजायचं आणि मुकाट बाहेर यायचं.

बाहेर पाणी गोठलं होतं, आत मात्र त्या मानाने उबदार आणि कमालीचं दमट. घुमटाला पंख अंगाभोवती गुंडाळून चार वटवाघळं लटकली होती, घोड्याच्या नालेसारख्या नाकाची, लहान जातीतली. त्यांच्यावर बॅटरी रोखून धरायची नसते, म्हणून झोत आत जाणाऱ्या बोळाच्या भिंतीवर वळवला आणि तिथे मेटा दिसली.

मेटा मेनार्डी, म्हणजे गुहेत राहणारा एक कोळी. मादीचं धड दीड सेंटीमीटरपर्यंत, पाय पसरले की पाच सेंटीमीटर. लालसर तपकिरी, चकचकीत. 2012 साली हिला युरोपातला 'वर्षाचा कोळी' म्हणून निवडलं होतं, तरी इथल्या बहुतेकांनी ती जन्मात पाहिलेली नसते. कोळ्याचं गोल जाळं म्हटलं की बागेतलं डोळ्यांपुढे येतं. हिचं मात्र लहानसं, मोजक्याच धाग्यांचं असतं आणि भिंतीच्या अगदी लगत. त्याचं कारण समोरच होतं. तिने एक पाय जाळ्याच्या धाग्यावर ठेवला होता, बाकीचे विटांवर, आणि तोंड एका बिनशंखाच्या गोगलगायीत रुतवलं होतं. गोगलगायीच्या चिकट स्रावाच्या तारा तिच्या पायांना लागून बॅटरीत चमकत होत्या. अंधारात उडणारे किडे कमी, भिंतीवर सरपटणारे जास्त. जाळ्यात कोणी येऊन पडेल म्हणून बसून राहिलं तर उपाशी मरायची वेळ यायची. म्हणून ही जाळ्यातून उतरून भिंतीवरच्या गोगलगायी, पैसा किडे पकडते.

दाराजवळच्या उजेडात तिच्याच कुळातली मेटेलिना मेरियानी होती, अंगाने लहान, जाळं जास्त दाट. तिला उडते किडे पुरतात. एकाच बोळात दोघींनी उजेड-अंधाराची वाटणी करून घेतली होती. भिंतीवर थंडी काढायला आलेले डास आणि केशरी-तपकिरी हेराल्ड पतंगही होते.

जरा वर बघितलं तर छताला रेशमी धाग्यांनी टांगलेल्या पिशव्या. टोकाला धरून लटकवलेला उकडीचा मोदक जसा दिसेल, तशाच. पांढऱ्या, जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरच्या. एकेका पिशवीत दोन-तीनशे अंडी असू शकतात.

केअरटेकर दारातूनच विचारत होते, "आंधळे असतात का हो हे?" हवाईच्या काउआई बेटावर लाव्हाच्या बोगद्यांत एक लांडगा-कोळी आहे, त्याला खरोखरच डोळे नाहीत. तो कायमचाच अंधारात अडकलेला. मेटाला आठही डोळे आहेत. मोठी मेटा उजेड टाळते, माझ्या झोतापासूनही ती सावकाश वर सरकली. तिची पिल्लं मात्र वसंतात पिशवीतून बाहेर पडली की उजेडाकडे निघतात. गुहेबाहेर जाऊन धागा हवेत सोडतात, वारा नेईल तिकडे जातात आणि मोठी होताना पुन्हा कुठलं तरी अंधारं भोक शोधतात.

खरी गोम इथे होती. 'गुहेतला कोळी' म्हटल्यावर लोकांना वाटतं, बीळ बुजवलं तरी आत तो सुखात राहील. उलट आहे. अंधारात हिरवं पान उगवत नाही, तिथलं सगळं खाणं गुहेच्या तोंडातून आत येतं. दिवे लावले की मोठ्यांची जागा जाते आणि दार घट्ट लावलं की पिल्लांची वाटही जाते आणि दाणापाणीही.

आता हे अहवालात कुठे लिहायचं? या कोळ्याला कायद्याचं कसलंही संरक्षण नाही आणि आमच्या फॉर्मात त्याच्यासाठी रकानाही नाही. पण वटवाघळांनाही अंधार आणि उघडं दारच लागतं. मग मी सरळ कोळ्यालाही त्यांच्याच पंखाखाली घेतलं. दाराऐवजी आडव्या गजांची जाळी, आत कायमचे दिवे नाहीत, कुंचा नाही, पर्यटकांनी हिवाळा सोडून यायचं आणि बोळाच्या तोंडाशीच थांबायचं. यात चलाखी आहे असं कोणाला वाटलं तर वाटो, शिफारशीतला शब्दन्‌शब्द वटवाघळांसाठीही खरा होता.

मालकांनी थोडी कुरकुर केली, पण वायरिंगचा खर्च वाचतोय हे लक्षात आल्यावर होकार दिला. केअरटेकर माझ्यापेक्षा उत्साहाने कामाला लागले. फलकाचा मजकूर त्यांनी स्वतःच लिहून पाठवला, वर ठळक अक्षरांत, 'ब्रिटनमधला सर्वांत मोठा कोळी!' मी कळवलं की दलदलीतला तराफा-कोळी हिच्यापेक्षा मोठा असतो, तेव्हा 'मोठ्या कोळ्यांपैकी एक' एवढंच लिहा. त्यांना ते फारच मिळमिळीत वाटलं. शेवटी उद्गारचिन्हावर तडजोड झाली.