एसआय-टू हिरा घेताना दिसणारा डाग चालेल का, हे कसं ठरवलं: माझा अनुभव

अंगठीसाठी एक कॅरेटच्या आसपासचा गोल हिरा हवा होता आणि बजेट व्हीएस ग्रेडपर्यंत (हिऱ्याच्या स्वच्छतेच्या क्रमात एसआयच्या वरची पायरी) जात नव्हतं. म्हणजे एसआय-वन नाहीतर त्याखालचा एसआय-टू. या ग्रेडमध्ये डाग असणारच. तो कुठल्या जातीचा, कुठे बसलाय आणि बोटात घातल्यावर दिसणार का, एवढंच ठरवायचं असतं. जीआयए ही हिरे तपासून सर्टिफिकेट देणारी संस्था दहापट भिंगाखाली डागांचा आकार, संख्या, जागा, प्रकार आणि ठळकपणा एकत्र तोलून एकच ग्रेड देते. त्यामुळे शेजारी ठेवलेल्या दोन एसआय-टूंपैकी एक डोळे झाकून घेण्याजोगा आणि दुसरा सवलतीतही नको, असं सर्रास होतं.

हिरा लूज बघायचा, अंगठीत बसवलेला नाही. प्रॉंगखाली (हिरा धरून ठेवणाऱ्या धातूच्या नख्यांखाली) काय दडलंय ते कळत नाही, आणि मागून बंद कोंदण असेल तर खालची बाजू दिसतच नाही. दुसरी अट मी स्वतःला घातली होती: सर्टिफिकेट आधी वाचायचं नाही. त्यातल्या डागांच्या नकाशात टेबलाच्या (वरच्या सपाट मोठ्या पैलूच्या) उजवीकडे लाल खूण पाहिली की नजर तिथेच जाते, मग नुसत्या डोळ्यांनी तो डाग दिसतोय की आपण तो शोधतोय हे सांगता येत नाही.

दुकानातले स्पॉटलाइट हिरा खपवण्यासाठीच लावलेले असतात. त्या उजेडात एवढ्या ठिणग्या उडतात की मोठा काळा ठिपकाही लपतो. म्हणून खिडकीपाशी किंवा साध्या ट्यूबलाइटखाली जायचं. आधी खडा स्वच्छ करून घ्यायचा. बोटाचं तेल खालच्या पैलूंना लागलं तरी चमक मरते, आणि टेबलावरची धूळ हुबेहूब डागासारखी दिसते. कापडाने पुसल्यावर बोट न लावता चिमट्यात धरायचा. मग वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून समोरून बघायचं, हळूहळू तिरका करायचा, पुन्हा सरळ. एक कॅरेटच्या गोल हिऱ्याचा व्यास साधारण साडेसहा मिलिमीटर असतो. त्यात या अंतरावरून काही खुपलं नाही तर तो माझ्या डोळ्यांना आय-क्लीन. विक्रेता ‘आय-क्लीन आहे’ म्हणाला की मी विचारायचे: किती अंतरावरून आणि कुठल्या उजेडात? या शब्दाची सर्वमान्य व्याख्या नाही, प्रत्येक दुकानाची आपापली आहे. कडेने किंवा पालथा करून डाग दिसला तर ते मी मोजलं नाही, अंगठीत हिरा तसा कोणी बघत नाही.

ऑनलाइन व्हिडिओबाबत नेमकी उलटी गडबड होते. साडेसहा मिलिमीटरचा खडा मोबाइलच्या पडद्यावर साडेसहा सेंटीमीटरचा झाला की ते दहापटच झालं. तिथे काळाकुट्ट दिसणारा ठिपका प्रत्यक्षात सापडेलच असं नाही. मात्र व्हिडिओवरून डागाची जागा चांगली कळते, म्हणून चाळणी लावायला तो उत्तम.

मग भिंग, बाजारात ज्याला आयग्लास म्हणतात ते. दहापटच घ्यायचं आणि ट्रिपलेट, म्हणजे तीन भिंगं जोडलेलं. साध्या भिंगात कडेला रंगाची झालर येते. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, खडा त्यापासून अडीच सेंटीमीटरवर, दोन्ही हात एकमेकांना टेकवून स्थिर. उजेड बाजूने यायला हवा, वरून आला तर टेबलाचा पृष्ठभागच चमकतो. आधी टेबलावर फोकस, मग खडा केसभर पुढे-मागे करत खोल उतरायचं. शंका आली की पुन्हा पुसायचा: जागा बदलली तर धूळ.

आता जात. पारदर्शक क्रिस्टल (हिऱ्यात अडकलेला खनिजाचा बारीक स्फटिक) असेल तर काळजी कमी. पण उजेड मागून आला की पारदर्शक क्रिस्टलही काळा वाटतो, म्हणून खडा फिरवून बघायचा. सगळ्या बाजूंनी काळाच राहिला तर तो खरा काळा. टेबलाच्या मधोमध असलेला खरा काळा मी सरळ बाजूला केला. तोच ठिपका गर्डलजवळ (हिऱ्याच्या सगळ्यात रुंद कडेजवळ) असेल तर प्रॉंगखाली जाऊ शकतो. खालच्या टोकाजवळचा डाग आणखी त्रासदायक, कारण पैलूंमध्ये त्याची प्रतिबिंबं पडतात आणि एकाचे सहा-आठ दिसतात. गोल ब्रिलियंट कटमध्ये बारीक पैलूंच्या गर्दीत पुष्कळ काही लपतं. एमराल्ड कटचे पैलू मात्र लांब आणि मोकळे, त्यामुळे तिथे मी एसआय-टूच्या वाटेला जाणार नाही.

फेदर म्हणजे आतली चीर. हिरा सगळ्यात कठीण, पण चार दिशांना तो साफ दुभंगू शकतो. आतल्या आत संपणारी बारीक फेदर वर्षानुवर्षं तशीच राहते. बघायचं ते हे की ती पृष्ठभागापर्यंत पोचते का, आणि पोचत असेल तर कुठे. पातळ गर्डलवर उघडणारी लांब फेदर नको; प्रॉंग दाबताना कारागिराचा जोर नेमका तिथेच पडतो. ‘डाग प्रॉंगखाली लपवू’ हा सल्ला क्रिस्टलला लागू, उघड्या फेदरला नाही. प्रिन्सेस किंवा पेअर आकारात टोकावरची फेदर तर नकोच.

माझ्या मते लोक सगळ्यात जास्त फसतात ते क्लाउडमध्ये, कारण तिथे डाग दिसतच नाही. अतिसूक्ष्म ठिपके खडाभर पसरलेले असतात, नुसत्या डोळ्यांना सगळं स्वच्छ वाटतं, पण हिरा वाफ धरलेल्या आरशासारखा मंद. बाजारात याला मिल्की म्हणतात. एकटा खडा बघून हे कळत नाही, त्याच रंगाचा व्हीएस खडा शेजारी ठेवायला सांगायचा. पैलूंच्या कडा एकात धारदार आणि दुसऱ्यात पुसट दिसल्या की निकाल लागला. दुकानदाराला थेट विचारायचं: मिल्की आहे का, टेबलात ब्लॅक आहे का? घाऊक व्यापारात ‘नो बीजीएम’ असं लिहूनच देतात, म्हणजे ब्राउन, ग्रीन, मिल्की यांपैकी काही नाही.

एवढं झाल्यावर सर्टिफिकेट. नकाशात लाल खुणा आतल्या, हिरव्या बाहेरच्या. खाली दिलेल्या यादीत पहिलं नाव महत्त्वाचं, सहसा त्यानेच ग्रेड ठरलेली असते. एसआय-टूवर शेऱ्यात ‘क्लॅरिटी ग्रेड इज बेस्ड ऑन क्लाउड्स दॅट आर नॉट शोन’ असं वाक्य असेल तर मिल्कीची तपासणी पुन्हा करायची. ‘अॅडिशनल क्लाउड्स आर नॉट शोन’ एवढंच असेल आणि यादीत आधी क्रिस्टल असेल तर घाबरायचं कारण नाही. जीआयएच्या डॉसियेमध्ये, म्हणजे छोट्या रिपोर्टमध्ये, नकाशा नसतो, फक्त नावांची यादी असते. तिथे सगळी भिस्त आपल्या भिंगावर. गर्डलवर लेझरने कोरलेला नंबर भिंगातून वाचून कागदाशी आणि जीआयएच्या वेबसाइटवरच्या नोंदीशी जुळवायचा.

सर्टिफिकेट नसलेल्या स्वस्त खड्यात आणखी एक धोका असतो, काचेसारख्या द्रव्याने भरलेली चीर. खडा हलवताना चिरेतून नारिंगी-निळी झाक चमकली तर तो सोडायचा. पुढे दुरुस्तीला सोनाराची ज्योत लागली की भरलेलं बाहेर येतं. जीआयए अशा खड्याला ग्रेड देतच नाही.

गर्डलवरचा छोटा चिप (टवका) किंवा नॅचरल (कच्च्या हिऱ्याचा पॉलिश न झालेला उरलेला भाग) पुन्हा पॉलिश करून काढता येतो, पण वजन बघून. १.०३ कॅरेटमधून दोन सेंट (०.०२ कॅरेट) गेले तर बिघडत नाही, १.०० चा ०.९९ झाला की प्रतिकॅरेट भावच उतरतो.

शेवटी घेतला तो एसआय-टू, क्रिस्टल गर्डलजवळ आणि रंगहीन. बिलावर सर्टिफिकेट नंबर आणि परतीची मुदत लिहून घेतली. बसवायला देताना क्रिस्टल घड्याळाच्या कुठल्या आकड्यावर आहे ते चिठ्ठीवर काढून कारागिराला दिलं, एक प्रॉंग तिथेच यावा म्हणून. अंगठी परत आल्यावर दुकानातच भिंग लावून तो क्रिस्टल प्रॉंगच्या कडेला शोधायचा आणि गर्डल प्रॉंगपाशी चारही ठिकाणी तपासायचा. नवा चिप निघाला तर काउंटर सोडण्याआधी सांगायचं.