नॉर्थ शोअरला सायकल चालवायला जाताय? मग एक सकाळ ट्रेलच्या कामाला द्या

व्हँकूवरला कुणाकडे यायचा प्लॅन असेल आणि माउंटन बायकिंगचं वेड असेल तर नॉर्थ शोअरसाठी एक वीकेंड ठेवाच, आणि त्यातली शनिवारची सकाळ ट्रेल डेला, म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून ट्रेल दुरुस्त करायच्या दिवसाला द्या, चालवायचं ते दुपारी आणि रविवारी. आम्ही ऑक्टोबरमध्ये तसंच केलं. मी पुण्याची, सध्या कामामुळे व्हँकूवरशेजारच्या बर्नबीत राहते, बरोबर दोघं मित्र होते, त्यातला एक खास ह्यासाठीच आला होता. तिथे चाललेलं काम बघून इतकं भारी वाटलं की हे सविस्तर लिहायलाच हवं होतं.

शहरातून उत्तरेला बघितलं की बरार्ड इनलेटच्या पलीकडे सायप्रेस, फ्रोम आणि सीमोर हे तीन डोंगर दिसतात, तोच नॉर्थ शोअर. ह्या तिन्हींवर सायकलींसाठी लिफ्ट नाही, जेवढं उतरायचं तेवढं आधी पायडल मारत चढायचं. जायला सोपं आहे, वॉटरफ्रंट स्टेशनवरून सीबस (प्रवासी फेरीबोट) घ्यायची, सायकल आत नेता येते, 12 मिनिटांत पलीकडच्या ‘लॉन्सडेल की’ (Quay) धक्क्यावर. तिथून लिन व्हॅलीची बस मिळते पण बसच्या पुढच्या रॅकवर दोनच सायकली बसतात, आम्ही तिघं असल्यामुळे चढ मारतच गेलो. स्कायट्रेनने, म्हणजे तिथल्या मेट्रोने सीबसपर्यंत येणार असाल तर वीकडेला ऑफिसच्या गर्दीच्या वेळी एक्स्पो लाइनवर गर्दीच्या दिशेने सायकल नेता येत नाही हे लक्षात ठेवा, शनिवार-रविवारी प्रश्न नाही. गाडी नेलीत तर फ्रोमवर चढणाऱ्या माउंटन हायवे ह्या रस्त्याच्या वरच्या टोकाच्या गल्ल्यांत वाटेल तिथे लावू नका, पाट्या नीट वाचा. रायडर्सच्या गाड्यांवरून तिथल्या रहिवाशांशी वर्षानुवर्षं कुरबुरी झाल्यात, आणि रहिवासी वैतागले की तक्रार थेट डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे जाते आणि मग विषय पार्किंगवर थांबत नाही, ट्रेल्सवरच येतो.

आता मुख्य गोष्ट. हे ट्रेल्स कुणा सरकारी खात्याने आखून दिलेले नाहीत. 80 च्या दशकापासून तिथल्या पोरांनी परवानगी वगैरे न घेता हाताने खणले, पावसाचा चिखल आणि पडलेले ओंडके पार करायला सीडरच्या लाकडाचे शिडीसारखे पूल बांधले, आणि पुढे तीच स्टाइल जगभर नॉर्थ शोअरच्या नावाने ओळखली जायला लागली. पण लाकूड कुजतं. पाऊस तिथे भयंकर. शिवाय जमीन एकाची नाही, काही डिस्ट्रिक्टची, काही मेट्रो व्हँकूवर ह्या प्रादेशिक संस्थेची, काही प्रांतिक उद्यानात, सीमोरच्या खालच्या भागात तर फेडरल गृहनिर्माण संस्थेची, सायप्रेसच्या बाजूला खासगी कंपनीची, आणि हा सगळा मुलूख मुळात स्क्वॉमिश, स्लेल-वॉटुथ आणि मस्क्वीम ह्या तिथल्या मूळनिवासी लोकांचा. म्हणजे एका डोंगरावर ट्रेल उघडा ठेवायचा तर किती दारं ठोठवायची बघा. 1997 मध्ये रायडर्सनी नॉर्थ शोअर माउंटन बाइक असोसिएशन काढली ती त्यामुळेच, की जमीनवाल्यांशी बोलायला एक जबाबदार तोंड पाहिजे, नाहीतर एखादा अपघात झाला की साखळी लावून मोकळे.

त्यांची ट्रेल दत्तक योजना मला सगळ्यात आवडली. सायकलचं दुकान, एखादी कंपनी, मित्रांचा ग्रुप असं कुणीही एक ट्रेल दत्तक घेतं, म्हणजे त्याला पैसेही द्यायचे आणि वर्षात ठरलेल्या दिवशी माणसं घेऊन कामालाही यायचं. नुसती देणगीची पाटी लावून भागत नाही. ट्रेलच्या तोंडाशी दत्तक घेणाऱ्याचं नाव असतं, त्यामुळे तो खराब झाला की कुणाला विचारायचं हे गावाला माहीत असतं.

आमचा ट्रेल डे फ्रोमवर होता. सकाळी सगळे जमलो, क्रू लीडरने पहिल्यांदा सेफ्टी सांगितली, दोन माणसांत अवजाराच्या लांबीपेक्षा जास्त अंतर, कुदळ खांद्यावर टाकून चालायचं नाही, मग एकेकाच्या हातात पुलास्की, मॅक्लाउड (एका बाजूला दंताळं, एका बाजूला रुंद कुदळ), फावडी आणि बादल्या. पुलास्की म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड आणि एका बाजूला कुदळ, मुळं तोडायला मस्त. काम काय, तर तिथल्या जंगलात वरचा थर सगळा कुजलेल्या पानांचा आणि लाकडाचा काळा भुसभुशीत, तो स्पंजसारखा पाणी धरतो, त्यावरून चार चाकं गेली की चिखल, आणि मग प्रत्येक जण चिखल टाळून कडेने जातो, कडाही चिखल होते, आणि हातभर रुंदीचा ट्रेल बघता बघता बैलगाडीच्या वाटेएवढा होतो. त्यामुळे तो काळा थर पूर्ण काढायचा, ट्रेलपासून आत थोडं लांब खड्डा करून खालची पिवळसर लाल माती शोधायची, तिला तिथे सोनेरी माती म्हणतात, ती बादल्यांनी वाहून आणायची आणि थरावर थर ठोकून बसवायची. जिथे उतार जास्त आणि ब्रेक लागतात तिथे माती टिकत नाही, तिथे मोठे दगड उभे रोवून फरसबंदी. दगड आडवा पसरून ठेवला तर महिन्याभरात डुलायला लागतो, म्हणून दोन तृतीयांश जमिनीत गेला पाहिजे असं आमच्या लीडरताई परत परत सांगत होत्या. शेवटी पाण्याला वाट द्यायची, ट्रेलला बाहेरच्या, म्हणजे डोंगरउताराच्या बाजूला हलका उतार द्यायचा आणि मधे मधे छोटा चढ ठेवायचा म्हणजे पाणी ट्रेलवरून लांब धावत न जाता तिथल्या तिथे बाजूला पडतं. आणि मातीचा खड्डा परत बुजवून त्यावर पालापाचोळा आणि फर्न लावायचे, हे सुद्धा कामातच धरतात, परवानगी देणाऱ्याला जंगल खणलेलं दिसता कामा नये.

दुपारपर्यंत आमच्या हातून जेमतेम काही मीटर ट्रेल झाला. डोंगरभर पसरलेले सगळे ट्रेल्स असेच, बादलीबादलीने केलेत हे तेव्हा खरं कळतं. आपल्या वेताळ टेकडीवर पावसाळ्यात वाटा कशा फाटत जातात ते पुणेकर सायकलवाल्यांनी बघितलंय, त्यांनी तर ही पाण्याची युक्ती नक्की डोळ्यांनी बघून यावी. फक्त परवानगीशिवाय कुठेही खणायला जाऊ नका, नॉर्थ शोअरवरही नाही आणि टेकडीवरही नाही.

सुरक्षिततेचा दुसरा पैलूही तिथे कळला, तो जरा अंगावर काटा आणणारा आहे. काही वर्षांपूर्वी फ्रोमवरच्या ट्रेल्सवर कुणीतरी पहाटे ओंडके आणि दगड आडवे टाकत होतं, उताराला वळणावर असं काही आलं तर मानच मोडायची. रायडर्सनी स्वतः झाडांवर कॅमेरे लावले, फुटेज पोलिसांना दिलं, 2015 च्या सुरुवातीला एका ज्येष्ठ बाईंना अटक झाली आणि पुढे कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला. ब्रिटिश कोलंबियाच्या कायद्याप्रमाणे अशा जमिनीवर मौजेसाठी फिरणाऱ्याने धोका स्वतःहून पत्करलाय असं धरतात, पण मुद्दाम इजा होईल असं काही करायची मुभा कुणालाच नाही. मला ह्यात महत्त्वाचं वाटलं ते म्हणजे लोकांनी सूड उगवायला न जाता पुरावा गोळा केला आणि योग्य ठिकाणी दिला. तुम्हाला ट्रेलवर संशयास्पद काही दिसलं तर फोटो काढा, अडथळा बाजूला करा, ट्रेलफोर्क्स ॲपवर रिपोर्ट टाका. झाड पडलं असेल, पुलाची फळी तुटली असेल तरी टाका, दोन मिनिटांचं काम आहे आणि मागून येणाऱ्याचे दात वाचतात.

चालवण्याबद्दल. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी फ्रोमवर बॉबस्लेड ह्या ट्रेलने सुरुवात करा, छान वळणांचा आणि सोपा आहे. मग हात बसला तर एक्सप्रेसो. लेडीज ओन्ली हे नाव वाचून फसू नका, तो जुना आणि चांगलाच कठीण ट्रेल आहे. आणि इथलं रेटिंग कडक आहे, तुमच्याकडचा ब्लॅक (कठीण) इथला ब्ल्यू (मध्यम) असू शकतो, त्यामुळे पहिल्या दिवशी एक पायरी खालीच राहा. ओली मुळं आणि ओलं लाकूड ह्यावर पुढचा ब्रेक अजिबात नको, सरळ राहा, नजर लांब. टायर रुंद आणि ट्युबलेस, हवा नेहमीपेक्षा थोडी कमी, ब्रेक पॅड मेटॅलिक असतील तर उत्तम कारण पावसात साधे पॅड फार लवकर संपतात. गुडघ्याचे पॅड घालाच. चढताना माउंटन हायवेवर चालणारे आणि कुत्रेवाले खूप असतात, घंटा वाजवा, हसून बोला. वर चढणाऱ्याला आणि चालणाऱ्याला आधी वाट द्यायची. बेडन पॉवेल ट्रेल डोंगरातून आडवा जातो, तो जिथे कापाल तिथे स्पीड कमी, तिथे ट्रेकर्स असतात. चिखल आला तर मधून जा, कडेने नाही.

अंधार ऑक्टोबरात लवकर पडतो आणि झाडीत तर आणखी लवकर, लाइट ठेवा. काळी अस्वलं आहेत, बोलत जा, खाणं उघडं सोडू नका. काही झालं तर 911, नॉर्थ शोअर रेस्क्यू ही 1965 पासूनची स्वयंसेवकांची टीम आहे आणि ते रेस्क्यूचे पैसे घेत नाहीत, म्हणून पैशांच्या भीतीने फोन करायला उशीर करू नका. इन्शुरन्स मात्र भारतातून येणाऱ्यांनी सायकलिंग कव्हर होतंय का हे बघूनच घ्या, हॉस्पिटलचं बिल वेगळं येतं.

ट्रेल डेची नावनोंदणी असोसिएशनच्या साइटवर करायची, जागा मोजक्या असतात, तिकिटं काढलीत की लगेच बघून ठेवा. अनुभव लागत नाही, अवजारं ते देतात. जाड बूट, हातमोजे, रेनकोट आणि चिखलात गेले तरी चालतील असे कपडे एवढं तुमचं. दुपारचं खाणं बरेचदा ठेवतात पण शाकाहारी असाल तर आधी विचारा किंवा सरळ डबा न्या, आम्ही थालीपीठं आणि लोणचं नेलं होतं, थोडी जास्तच न्या, कारण डबा उघडल्यावर पाच मिनिटांत सगळा क्रू भोवती जमला होता.