न दुखणाऱ्या पायांचं कॅलिपर : आमची वाटचाल

तुमचं दुकान नक्की कसलं, बूट शिवता का पाय बनवता, असं बरेच जण विचारतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं. आम्ही कॅलिपर बनवतो, म्हणजे पायाला बाहेरनं बांधायचा आधार. मणक्याला मार लागून ज्यांचे कमरेखालचे पाय गेलेत त्यांना उभं करायचं आणि ज्यांना जमेल त्यांना चालवायचं, हे गेली पंधरा-सोळा वर्षं आमचं मुख्य काम आहे. त्याआधी नव्हतं, त्याआधी आमच्याकडं फक्त पोलिओ यायचा.

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७९ साली सांगलीत पेठेच्या मागच्या गल्लीत दहा बाय बाराचा गाळा घेतला. काम ते मुंबईला हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये शिकलेले. गाळ्यात एक ऐरण, एक शिलाई मशीन, बूट शिवायला मामा, आणि चामड्याचा वास. दोन्ही बाजूला पट्ट्या, गुडघ्याला रिंग लॉक, म्हणजे खाली पाडली की गुडघा सरळ अडकवणारी कडी, मांडीला चामड्याचा पट्टा, खाली बूट, असं ते कॅलिपर असायचं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडनं लोक एसटीनं पोरांना कडेवर घेऊन यायचे आणि जाताना पोर खडखड आवाज करत चालत स्टँडवर जायचं. मी तो आवाज ऐकत वाढलोय.

मग पोलिओ गेला. देशातला शेवटचा पेशंट १३ जानेवारी २०११ ला बंगालमध्ये हावड्याला सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. पण आमच्याकडं नवी लहान पोरं यायची त्याच्या कितीतरी आधीपासून कमी झाली होती, उरली होती ती मोठी झालेली जुनी गिऱ्हाइकं, बूट बदलायला आणि पट्टा शिवायला येणारी. आण्णांना पोलिओ गेल्याचा मनापासून आनंद होता, ते पेढे घेऊन आले होते, आणि त्याच महिन्यात लाइटबिल भरायला माझ्या बायकोनं पतपेढीतली ठेव मोडली. दोन्ही खरं आहे.

मणक्याचं पहिलं काम आमच्याकडं आलं २००९ ला. विट्याकडचा माणूस, बांधकामावर पराती देताना परांचीच्या फळीवरनं खाली पडलेला, डी-१२ चा, म्हणजे छातीच्या बारा मणक्यांतला शेवटचा मणका चिरडलेला, ऑपरेशन होऊन रॉड बसलेले, कमरेखाली हालचाल नाही आणि जाणीवही नाही. दोन भाऊ उचलून घेऊन आले. आम्ही माप घेतलं आणि पोलिओला करायचो तसंच दोन्ही पायांचं लांब कॅलिपर करून दिलं. पॅरलल बारमध्ये, म्हणजे धरून उभं राहायच्या दोन दांड्यांच्या मधे, उभा राहिला तेव्हा त्याची आई रडली, मामा रडले, मीपण रडलो. पाचव्या दिवशी भावाचा फोन आला की मोजा काढला तर रक्त लागलंय.

बाहेरच्या घोट्यावर रुपयाएवढी जखम होती आणि आत काळं पडलेलं. माझी चूक होती. बुटाची आतली कड घोट्याला टेकत होती. पोलिओचं पोर असतं तर दहा मिनिटांत ओरडलं असतं, काका टोचतंय, आणि मी कड घासून दिली असती. तीस वर्षं आमच्या हाताखालनं जी कॅलिपरं गेली त्यांचा अर्धा कारागीर पेशंटच होता, हे मला त्या दिवशी कळलं. पोलिओत स्नायू जातो पण जाणीव राहते. मज्जारज्जू, म्हणजे मणक्याच्या आतनं जाणारी मुख्य दोरी, तुटला की दोन्ही जातात, पाय जळला तरी त्याला कळत नाही. ती जखम भरायला चार महिने लागले, चार महिने तो माणूस परत पलंगावर. पैसे आम्ही परत दिले, पण पैशानं ते चार महिने थोडेच परत येतात. दर रविवारी मी विट्याला जाऊन ड्रेसिंग होताना शेजारी बसायचो. त्याच्या आईनं मला एकदाही बोल लावला नाही, दर वेळी चहा दिला, ते जास्त जड गेलं.

तिथनं आमचं शिकणं परत पहिल्यापासून सुरू झालं. मिरजेतल्या एका फिजिओ मॅडमनी मला समोर बसवून दाखवलं की हाड कुठं कुठं चामडीच्या लगेच खाली आहे, घोटा, टाच, गुडघ्याखालचं बाहेरचं हाड, मांडीच्या वर बाजूचं हाड, आणि बसून राहणाऱ्याला माकडहाड आणि बैठकीची दोन हाडं. आता प्लास्टरचं माप घेतानाच या जागांवर शाईच्या पेन्सिलीनं खूण होते, साच्यावर त्या जागी प्लास्टर वाढवतो, म्हणजे वरनं तापवलेलं पॉलीप्रॉपिलीन प्लास्टिकचं शीट ओढलं की तिथं आपोआप पोकळी राहते. आणि पहिल्या दिवशी कॅलिपर घालायचं ते फक्त वीस मिनिटं. काढायचं, पाय उन्हात धरायचा, लाल डाग दिसला तर घड्याळ लावून बसायचं. अर्ध्या तासात गेला तर ठीक, नाही गेला तर कॅलिपर आमच्याकडं ठेवून घरी जायचं, मग ते कुठूनही आलेले असोत. लोक चिडतात, गाडीभाडं करून आलेले असतात, पण इथं मी ऐकत नाही. सोबत एक लांब दांड्याचा आरसा देतो, रोज रात्री टाचा आणि मागची बाजू बघायला.

दुसरी गोष्ट तोल. मांडीत, नितंबात ताकद नसताना माणूस उभा कसा राहील हे मला खरंच कळायचं नाही, मी वरनं कमरेचा पट्टा वाढवत न्यायचो, वजन वाढायचं, माणूस थकायचा. उत्तर पावलात होतं. घोटा काटकोनात न धरता पाच-दहा अंश पुढं झुकवून पक्का करायचा. मग गुडघे लॉक करून माणूस उभा राहिला की आख्खं शरीर जरा पुढं येतं, तो कंबर पुढं ढकलतो, छाती मागं घेतो, आणि खुब्याच्या पुढच्या बाजूला जी जाड शीर असते, डॉक्टर तिला वाय लिगामेंट म्हणतात, ती ताणून त्याला धरून ठेवते. स्नायू नाही, नुसती शीर. पहिल्यांदा हे जमतं तो क्षण मी शेकडो वेळा बघितलाय, तरी दर वेळी हातातलं काम थांबतं. बार घट्ट धरलेले हात, पांढरी पडलेली बोटं, मॅडम मागनं सांगतात पोट पुढं, अजून पुढं, आणि एकदम हात सैल पडतात आणि माणूस उभा असतो, हात न धरता, आणि स्वतःच्या पायांकडं बघत असतो.

त्यासाठी खुबा सरळ व्हायला लागतो हे मात्र आधी बघा. सहा-सहा महिने खुर्चीत बसून खुबे आणि टाचा आखडलेल्या असतात. अशा माणसाला कॅलिपर करून देणं म्हणजे पैसे घेऊन फसवणं आहे, माझं स्पष्ट मत. त्याला आधी रोज पालथं झोपायला सांगतो, टिल्ट टेबलवर, म्हणजे माणसाला बांधून तिरकं करत नेणाऱ्या टेबलवर, हळूहळू उभं करायला पाठवतो, कारण खूप दिवस आडव्या माणसाला एकदम उभं केलं तर बीपी पडून चक्कर येते. आणि ज्यांचा मार छातीच्या मध्यावर, डी-६ किंवा त्याच्याही वर आहे, त्यांना बूट घट्ट झाला किंवा लघवीची नळी तुंबली एवढ्यानंसुद्धा बीपी एकदम चढू शकतं, डोकं ठणकतं, तोंड लाल होतं, घाम फुटतो. असं दिसलं की ताबडतोब बसवायचं, सगळे पट्टे सोडायचे, नळी बघायची आणि डॉक्टरला फोन. हे आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. हाडंही ठिसूळ होतात, नुसतं खुर्चीवरनं घसरून गुडघ्याच्या वर मांडीचं हाड मोडतं आणि दुखत नाही म्हणून कळत नाही, पाय सुजून गरम लागला तर आम्ही कॅलिपरला हातच लावत नाही, आधी एक्स-रे.

२०१७ ला मुलगी हाजी अलीहूनच डिग्री घेऊन आली, आजोबा जिथं काम शिकले तिथंच. दुकानाचं रूप तिनं बदललं. ती आल्या आल्या म्हणाली, पप्पा, सगळे पेशंट सारखे नाहीत, तुम्ही सगळ्यांना लांब कॅलिपर कसं करता? ज्यांचा मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नाही, खाली थोडी जाणीव, थोडी हालचाल शिल्लक आहे, त्यांना लॉक करून ठेवायचं नसतं, त्यांना चालायला लावायचं असतं, पुन्हा पुन्हा, हजारो पावलं.

तेव्हा चिंचेच्या झाडावरनं पडलेल्या एक मावशी यायच्या, उजवा पाय बऱ्यापैकी उचलायच्या, डावा ओढायच्या. मला त्यांना लांब कॅलिपरच सुचलं असतं. मुलीनं नुसता घोट्यापर्यंतचा हलका स्प्लिंट केला आणि कुपवाड एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडनं छताला वीस फुटांचा रूळ मारून घेतला, त्यावर फिरती ट्रॉली, खाली हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे. त्यात अडकवलं की पडायची भीती जाते आणि थोडं वजन वर उचललं जातं, माणूस खाली पावलं टाकत राहतो. त्या सुमारास एक डीलर आला होता, ट्रेडमिल आणि रोबोटचं मशीन घ्या, सांगलीत कुणाकडं नाही म्हणाला. किंमत ऐकून मी गप्प झालो, पण मनात होतं की कर्ज काढूया, पेशंटचं भलं होईल. मुलीनं मला अमेरिका-कॅनडातला अभ्यास वाचून दाखवला, २००६ चा, अर्धवट इजा झालेले १४६ पेशंट होते, निम्म्यांना पट्ट्यावर टांगून ट्रेडमिलवर चालवलं, निम्म्यांना साध्या जमिनीवर तेवढाच वेळ चालण्याचा सराव दिला, आणि चालण्यात दोन्हीकडं फरक पडला नाही. मशीन वाईट असं नाही, फिजिओची कंबर वाचते, पण पाय सुधारतो तो सरावानं. कर्ज काढलं नाही. मावशी आठ महिने आठवड्यातनं तीनदा आल्या, आता वॉकर सोडून एका काठीवर आहेत. त्यांच्यात शिल्लक होतं म्हणून जमलं, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर लोक मावशींचा व्हिडिओ बघून येतात आणि आपल्या पोराचं पण असंच करा म्हणतात.

२०१९ चा पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या गाळ्यात छताला हात लागेल एवढं. ओव्हन गेला, शिलाई मशीन गेलं, आण्णांची ऐरण तेवढी राहिली. सगळ्यात वाईट वाटलं ते साच्यांचं. प्रत्येक पेशंटचे प्लास्टरचे पाय नाव घालून फळीवर ठेवलेले होते, दोनशेच्या वर, आठवडाभर पाण्यात राहून त्यांचा चिखल झाला. पाणी ओसरल्यावर पहिला कोण आला असेल तर तोच विट्याचा माणूस, भावाच्या टेम्पोत बसून, फिनेल आणि खराटे घेऊन. तो टेम्पोतच बसला होता आणि भावांना सांगत होता काय कुठं धुवा. आता माप झालं की मुलगी मोबाइलवर मोजून फोटोसकट सेव्ह करते आणि गाळा आम्ही विश्रामबागला वरच्या मजल्यावर नेला, लिफ्ट बघूनच घेतला.

आता जे सांगायचं म्हणून हे लिहायला बसलो ते. दोन्ही पायांचं कॅलिपर घालून कुबड्यांवर चालणं हे फार दमवणारं चालणं आहे. सगळं अंग हातावर उचलून पुढं टाकायचं, पावलापावलाला. पंचवीस पावलांत शर्ट भिजतो. म्हणून घरोघरी माळ्यावर कॅलिपर धूळ खात पडलेत, आम्ही केलेली पण आहेत त्यात. चूक पेशंटची नसते, त्याला कुणी विचारलेलंच नसतं की उभं राहून तुला करायचंय काय. पुण्याला खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये, म्हणजे पाय गेलेल्यांच्या केंद्रात, जवान व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात. आमच्याच जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पाय गेल्यावर १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहून सुवर्णपदक घेऊन आले. चालता आलं नाही म्हणजे आयुष्य थांबलं असं नसतं, आणि तरीसुद्धा ज्याला उभं राहायचंय त्याला उभं राहता आलं पाहिजे. म्हणून आता ऑर्डर घ्यायच्या आधी आम्ही घरी जातो. उंबरा किती, संडासचं दार किती रुंद, आणि दिवसातनं कुठल्या वेळी, कशासाठी उभं राहायचंय.

तीन वर्षांपूर्वी तासगावकडच्या एका गावात असंच गेलो. विहिरीचं काम चालू असताना यारीवरनं पडलेला पोरगा, वय २८, पूर्ण इजा. बापाची पिठाची गिरणी. बाप थकलेला, पोरगा खुर्चीत बसून पैसे घ्यायचा आणि गिऱ्हाइकानं स्वतःच दळण वर ओतायचं. मी विचारलं काय करायचंय उभं राहून, तर म्हणाला, पाळं दिसत नाही मला बसून. मला आधी कळलंच नाही. म्हणजे चक्कीवरचं धान्य टाकायचं पाळं त्याच्या डोक्याच्या वर होतं, त्यात किती राहिलंय, दगड रिकामा फिरतोय का, पीठ जाड येतंय का बारीक, हे त्याला खालनं समजत नव्हतं आणि दुसऱ्याला विचारावं लागायचं.

आम्ही त्याला चालण्याची कॅलिपर दिलीच नाहीत म्हणा, उभं राहायची दिली. घोटा पुढं झुकवलेला, गुडघ्याला रिंग लॉक, मांडीपर्यंत प्लास्टिक, एवढंच. चक्कीशेजारी भिंतीला आणि समोर असे दोन पाइप मारले, मोटरच्या पट्ट्याला जाळी बसवली, त्याशिवाय मी उभं राहू दिलं नसतं. खुर्ची पाइपाशी आणतो, लॉक पाडतो, दोन हातांनी उठतो, कंबर पुढं टाकतो, आणि मग त्याचे दोन्ही हात मोकळे. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास, मधे तासातासानं बसायचं आणि आरसा. बाकी सगळा दिवस खुर्ची. पाच-सहा पावलं टाकतो तो, जाळीपासनं वजनकाट्यापर्यंत.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, काका, डाव्या गुडघ्याची रिंग खाली पडत नाही. बघितलं तर रिंग आणि दांडीच्या मधे ज्वारीचं पीठ बसून दगडासारखं घट्ट झालं होतं. सुईनं कोरून काढायला मला अर्धा तास लागला.